ग्रंथालय आणि अभिलेखागाराच्या आधारे आंतरविद्याशाखीय कोर्स आखताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दोन विषय एकत्र आणले की कोर्स आंतरविद्याशाखीय होतो का?

नाही. सहा आठवडे इतिहास आणि पुढचे सहा आठवडे संख्याशास्त्र शिकवले, तर एकाच वेळापत्रकात दोन कोर्स कोंबले एवढेच होते. मग दोन्हींची सांगड घालण्याचे काम विद्यार्थ्यांवर पडते, आणि ते ज्यासाठी आले होते तेच त्यांना कोणी शिकवत नाही.

एक कसोटी वापरून पाहा. कोर्ससाठी निवडलेला कागद टेबलावर ठेवा. एका विषयाचा जाणकार तो वाचता वाचता कुठे अडतो का? आणि पुढची वाट दुसऱ्या विषयाच्या जाणकाराशिवाय सापडत नाही, असे होते का? होत असेल तर त्या कागदावर कोर्स उभा राहील. होत नसेल तर तो नुसता चित्र म्हणून दाखवायचा कागद आहे.

असा कागद म्हणजे नेमका कसा? एखादे उदाहरण?

लंडनमध्ये सतराव्या शतकात दर आठवड्याला मृत्यूंची छापील यादी निघत असे, ‘बिल ऑफ मॉर्टॅलिटी’. १२ ते १९ सप्टेंबर १६६५ या आठवड्याच्या यादीत एकूण ८,२९७ दफने आहेत आणि त्यातली ७,१६५ प्लेगच्या नावावर. वजाबाकी केली की उरतात १,१३२. प्लेग नसतानाच्या आठवड्यांत शहरातली एकूण दफने काही शेंच्या घरात असत. मग ऐन प्लेगमध्ये बाकीच्या आजारांनीही एवढी माणसे का मरावीत?

संख्याशास्त्राचा विद्यार्थी इथपर्यंत येतो आणि थांबतो. पुढचे उत्तर आकड्यांत नाही, आकडा तयार करणाऱ्या पद्धतीत आहे. प्लेगचा रोगी निघाला की सगळे घर चाळीस दिवस बाहेरून बंद होई. त्यामुळे मृत्यू दुसऱ्या कारणाखाली नोंदवला जावा यात घरच्यांचा स्वार्थ होता. आणि कारण ठरवत कोण? वैद्य नव्हे. प्रेत पाहायला जाणाऱ्या, पॅरिशने (चर्चच्या स्थानिक विभागाने) नेमलेल्या बायका, बहुतेक वयस्कर आणि गरीब. हे सामाजिक इतिहासाचे काम झाले.

त्याच यादीत मृत्यूचे एक कारण आहे: ‘दात’. दातांनी माणूस कसा मरेल? दात येण्याच्या वयात दगावलेली बाळे त्या रकान्यात जात. इथे वैद्यकाचा आणि भाषेचा विद्यार्थी दोघेही लागतात. शिवाय यादी मोजते ती अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत चर्चच्या हद्दीतली दफने. ज्यू, क्वेकर आणि इतर वेगळ्या पंथांची माणसे आपल्या दफनभूमीत गेली तर यादीतून निसटली. जन्मांचा म्हणून जो आकडा दिसतो तोही जन्मांचा नाही, बाप्तिस्म्यांचा आहे. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये याच याद्यांवरून लोकसंख्येचा अभ्यास छापला, तेव्हा त्यालाही या खाचाखोचांशी झगडावे लागले.

एक पान, चार विषय, आणि कोणालाही एकट्याने पुढे जाता येत नाही. अशी दोन-तीन पाने मिळाली की अर्धा कोर्स हाती आला.

आधी सिलॅबस लिहायचा की आधी साहित्य शोधायचे?

साहित्य आधी. सिलॅबस मंजूर करून घेऊन मग ‘या विषयावर तुमच्याकडे काय आहे?’ असे विचारत अभिलेखागारात जाणे ही सर्वांत महाग पडणारी चूक आहे. तिथे गेल्यावर कळते की हवी ती फाइल दुरुस्तीला गेली आहे, किंवा प्रदर्शनात आहे, किंवा अजून खुली नाही, किंवा आहे पण विद्यार्थ्यांना न येणाऱ्या लिपीत आहे. मंजूर सिलॅबस बदलता येत नाही, आणि मग कोर्सभर अभिलेखांच्या नावाखाली पाठ्यपुस्तकातले उतारे वाचले जातात.

मंजुरीसाठी काहीतरी आधी द्यावेच लागत असेल, तर सिलॅबसमध्ये कौशल्ये आणि प्रश्न लिहा. विशिष्ट दस्तऐवजांची नावे परिशिष्टात ठेवा. परिशिष्ट दरवर्षी बदलता येते.

तयारी किती आधी सुरू करावी?

पहिला तास ज्या दिवशी असेल त्याच्या सहा महिने आधी. त्यातला पहिला दीड महिना दोन्ही विषयांच्या शिक्षकांनी स्वतः वाचनकक्षात बसून पेट्या चाळण्याचा. हे काम सहायकावर सोपवले की निवड फसते, कारण कुठला कागद ‘अडवतो’ हे शिकवणाऱ्यालाच कळते. चार महिने उरले असताना निवडलेल्या कागदांची यादी अभिलेखपालाला द्यावी, म्हणजे प्रत्येकाची अवस्था तपासता येते आणि स्कॅनिंग रांगेत लागते. तीन महिने उरले की परवानग्या. दोन महिने उरले असताना प्रत्येक असाइनमेंट शिक्षकांनी स्वतः करून पाहायची, घड्याळ लावून. शिक्षकाला ज्याला एक तास लागतो त्याला विद्यार्थ्याला तीन ते चार लागतील असे धरा.

अनेक संस्थांचा जुना साठा दुसऱ्या इमारतीत किंवा शहराबाहेर असतो. पेटी मागवल्यावर यायला काही दिवस जातात. वेळापत्रकात हे दिवस दिसले पाहिजेत.

ग्रंथालयाच्या कॅटलॉगमध्ये शोधले, तर अभिलेखांत काहीच सापडत नाही. का?

कारण दोन्हींची मांडणीच वेगळी. ग्रंथालयात प्रत्येक पुस्तकाची स्वतंत्र नोंद असते आणि ते विषयानुसार लागते. अभिलेखागारात कागद विषयाने लावत नाहीत. ते कोणी तयार केले आणि कोणत्या क्रमाने ठेवले, त्यानुसार लागतात. एका कार्यालयाचे कागद दुसऱ्याच्या कागदांत मिसळायचे नाहीत आणि मूळ क्रम मोडायचा नाही, ही तत्त्वे १८९८ मध्ये मुलर, फाइथ आणि फ्रुइन या तिघा डच अभिलेखपालांनी नियमपुस्तिकेत मांडली. जगभर काम अजून त्याच चौकटीत चालते.

याचा व्यवहारातला अर्थ असा की ‘पाणी’ हा विषय शोधू नका. पाण्याशी ज्याचा संबंध आला असता असे खाते, समिती, कंपनी किंवा माणूस शोधा. मग त्यांच्या संग्रहाची शोधसूची उघडा. ती वरून खाली उतरते: संग्रह, मालिका, फाइल, आणि कधीकधी एकेक कागद. बहुतेक सूच्या फाइलपाशीच थांबतात. म्हणजे ‘पत्रव्यवहार, १८९०–९५’ एवढेच लिहिलेले असते आणि आत तीनशे पत्रे असतात. ती उघडून पाहण्याला पर्याय नाही.

सूचीतला ‘आकारमान’ हा रकाना वाचायला शिका. तो बहुधा रेषीय मीटरमध्ये असतो, म्हणजे फळीवर कागदांनी किती लांबी अडवली. आजच्या पाचशे पानांच्या रिमची जाडी सुमारे पाच सेंटिमीटर, म्हणजे एका मीटरमध्ये दहा हजार पाने. जुने जाड कागद, घड्या आणि फोल्डर धरले तर कमी, तरी हजारांतच. ‘१२ रेषीय मीटर’ असलेला संग्रह वर्गाला अख्खा देणे म्हणजे त्यांना समुद्र उपसायला लावणे आहे.

आजचे शब्द टाकून शोध घेतला की हाती भोपळा येतो. काय करावे?

त्या काळाचे शब्द वापरा. क्षयाचा जीवाणू रॉबर्ट कॉखने १८८२ मध्ये जाहीर केला. त्याआधीच्या इंग्रजी कागदांत ‘ट्यूबरक्युलॉसिस’ शोधाल तर फारसे काही मिळणार नाही, तिथे ‘कन्झम्प्शन’ किंवा ‘थायसिस’ आहे. मराठीतही ‘क्षय’ आणि ‘राजयक्ष्मा’ दोन्ही शोधावे लागतात. गावांची नावे बदलतात, स्पेलिंगे तर एकाच पानावर तीन असतात.

हा अडथळा टाळू नका, त्याची असाइनमेंट करा. पहिल्या आठवड्यात प्रत्येक गटाने आपल्या विषयाचा एक शब्दतक्ता करावा: आजची संज्ञा, त्या काळची संज्ञा, ग्रंथालयाच्या विषयशीर्षकातली संज्ञा आणि दुसऱ्या विद्याशाखेतली संज्ञा. वीस ओळी पुरेत. कोर्सभर हा तक्ता वाढत जातो. दोन विषयांचे लोक एकच शब्द वेगळ्या अर्थाने वापरतात हे सर्वांत आधी याच तक्त्यात दिसते. संख्याशास्त्रातला ‘नमुना’ आणि साहित्यातला ‘नमुना’ एक नव्हेत, आणि त्यावर दहा मिनिटे भांडण झालेले बरे.

एका सत्रासाठी किती दस्तऐवज घ्यावेत?

वाटते त्यापेक्षा कमी. बारा ते पंधरा आठवड्यांच्या कोर्सला आठ ते दहा दस्तऐवज खोलवर वाचायला पुरतात, आणि जोडीला एखादी मोठी एकसुरी मालिका, जसे रजिस्टर, जहाजाची लॉगबुके (रोजच्या नोंदवह्या), हजेरीपट. दस्तऐवज वाचन शिकवतात, मालिका मोजणी शिकवते. आठ पत्रांवरून सरासरी काढू नये आणि आठ हजार नोंदींत एखाद्या माणसाचा ‘आवाज’ शोधू नये, हा फरक दोन्ही प्रकार हाताळल्याशिवाय कळत नाही.

निवडताना तयार उत्तर असलेले कागद शक्यतो टाळा. १८५४ च्या लंडनमधल्या कॉलऱ्याचा डॉ. जॉन स्नोचा नकाशा, ज्यात मृत्यू एका सार्वजनिक पंपाभोवती दाटलेले दिसतात, सुंदर आहे, पण विद्यार्थी त्याची गोष्ट ऐकून आलेले असतात आणि पंपाचा दांडा काढला हे सांगून मोकळे होतात. घ्यायचाच असेल तर उलट बाजूने घ्या. ८ सप्टेंबर १८५४ ला दांडा काढला तेव्हा साथ आधीच ओसरू लागली होती. मग दांड्यामुळे साथ थांबली असे म्हणता येईल का? आता पुन्हा कागदांकडे जावे लागते.

वाचनकक्षातला तास कसा आखावा?

वीस विद्यार्थी, पाच टेबले, प्रत्येक टेबलाशी चार जण, नव्वद मिनिटे. प्रत्येक टेबलावर एकच दस्तऐवज. पाचही टेबले दहा-दहा मिनिटांत फिरवण्याचा मोह होतो, पण त्याने प्रदर्शन पाहिल्यासारखे होते. दोनच फेऱ्या ठेवा.

पहिली दहा मिनिटे हाताळणीचे नियम. मग पंचवीस मिनिटे पहिला दस्तऐवज, आणि या वेळात अर्थ लावायला बंदी. फक्त दिसते ते लिहायचे. कागदाचे माप. घड्या कुठे आहेत. बाहेरच्या घडीवर पत्ता असेल तर हा कागद प्रवास करून आला आहे. शाई किती रंगांची. समासात दुसऱ्या हाताची टीप आहे का, आणि ती मूळ ओळींच्या आधीची की नंतरची. शिक्का अक्षरांच्या वर बसला आहे की खाली. पानाची मागची बाजू पाहिली का? कार्यालयीन कागदांवर पोच, तारीख आणि शेरा बहुधा मागे असतो, आणि नेमकी तीच बाजू स्कॅन करायची राहून जाते. रिकामा रकाना दिसला तर तोही नोंदवा. कोणीतरी तो छापला होता, म्हणजे कोणाला तरी ती माहिती हवी होती, आणि भरणाऱ्याने ती दिली नाही.

पुढची पंचवीस मिनिटे टेबल बदलून दुसरा दस्तऐवज, आता प्रश्न विचारत: कोणी केला, कोणासाठी, कशाची सक्ती होती म्हणून केला. वीस मिनिटे एकत्र चर्चा. शेवटची दहा मिनिटे प्रत्येकाने पेन्सिलीने संदर्भ नोंदवायचा: संस्था, संग्रह, पेटी क्रमांक, फाइल क्रमांक, पान. ही दहा मिनिटे कापली की आठवड्याने वर्गात हमखास कोणीतरी म्हणते, ‘तो कागद होता ना, पिवळा...’

हातमोजे घालावेत का?

कागदासाठी नकोत. सुती मोज्यांनी बोटांची जाण जाते आणि पानांच्या कडा फाटतात. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करा. क्रीम लावू नका. छायाचित्रे, निगेटिव्ह आणि धातूच्या वस्तूंना मात्र नायट्राइल रबराचे मोजे हवेत. पेन बाहेर, पाण्याची बाटली बाहेर, फ्लॅश बंद. जाड बांधणीच्या पुस्तकाला फोमची उशी द्यावी, सपाट उघडू नये. थंड साठवणुकीतून आलेली फिल्म लगेच उघडली तर तिच्यावर दव धरते, म्हणून ती आदल्या दिवशीच बाहेर काढायला सांगा.

वर्गात १२० विद्यार्थी आहेत. सगळ्यांना वाचनकक्षात कसे न्यायचे?

एकदम नेऊ नका. १२० म्हणजे वीसच्या सहा तुकड्या. अभिलेखपालाला तोच तास सहा वेळा घ्यावा लागेल, आणि प्रत्येक वेळी पेट्या काढणे, मांडणे, मोजून परत ठेवणे आलेच. म्हणून सहा तास एकाच दिवशी किंवा लागोपाठ दोन दिवसांत घ्या. मांडणी एकदाच होते. त्या आठवड्यात उरलेल्या तुकड्या स्कॅनवर काम करतात.

तेही शक्य नसेल तर वर्गातच एक मूळ कागद कॅमेऱ्याखाली ठेवून पडद्यावर दाखवा आणि बाकी काम स्कॅनवर करा. स्पर्शाचा अनुभव जातो, हे मान्य. पण एकशेवीस जणांना रांगेने काचेच्या पेटीसमोरून नेण्यापेक्षा हे बरे.

स्कॅन कोणत्या दर्जाचे हवेत?

मजकूर वाचण्यापुरते ३०० पीपीआय (इंचामागे पिक्सेल) चालते. बारीक हस्ताक्षर, नकाशे आणि समासातल्या टिपांसाठी ४०० घ्या. मूळ प्रत टिफमध्ये, वाटपाची प्रत जेपेगमध्ये. जागेचा हिशेब आधी करा: ए-फोर पान ४०० पीपीआयला रंगीत, कॉम्प्रेस न करता ठेवले तर सुमारे ४६ एमबी होते. तीनशे पाने म्हणजे १४ जीबीच्या आसपास. हे विद्यार्थ्यांच्या फोनवर पाठवू नका.

प्रत्येक चित्रात मापपट्टी असू द्या. नाहीतर पडद्यावर पोस्टकार्ड आणि भिंतीवरचा नकाशा सारख्याच आकाराचे दिसतात. आणि फाइलच्या नावातच पेटी आणि फाइल क्रमांक घाला. ‘स्कॅन००४७’ या नावाची फाइल सहा महिन्यांनी अनाथ होते.

ओसीआर (स्कॅनमधला छापील मजकूर मशीनने वाचणे) ९८ टक्के अचूक असेल तर पुरे ना?

ते ९८ टक्के अक्षरांचे असतात. दोन हजार अक्षरांच्या पानावर चाळीस चुका झाल्या. शब्द सरासरी पाच अक्षरांचा धरला तर दर दहा शब्दांत जवळजवळ एक शब्द चुकीचा निघतो. आणि चुका सारख्या विखुरत नाहीत. नावे, आकडे, जुनी जोडाक्षरे, दुमडलेली कड इथे त्या दाटतात, म्हणजे नेमके जिथे आपण शोधतो तिथे. शब्द सापडला नाही म्हणजे तो कागदावर नव्हताच, असा निष्कर्ष ओसीआरवरून काढू देऊ नका.

हस्ताक्षर कोणालाच वाचता येत नाही. मशीनकडून लिप्यंतर करून घेतले तर?

घ्या, पण आधी नाही. मोडी असो की जुनी जर्मन कुर्रेंट लिपी, पहिली तीन-चार पाने विद्यार्थ्यांनी हाताने सोडवलीच पाहिजेत. त्याशिवाय मशीनची चूक ओळखू येत नाही. हस्ताक्षर वाचणारी नवी सॉफ्टवेअरे गुळगुळीत वाक्य देतात, आणि तीच अडचण आहे. जुना ओसीआर चुकला की कचरा दिसायचा, नवा चुकला की खरा वाटणारा शब्द दिसतो. रुपयांच्या आकड्यात एक शून्य गेले तर वाचणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

पद्धत अशी ठेवा: मशीनने काढलेले प्रत्येक पान दोघांनी स्वतंत्रपणे मूळ चित्राशी ताडायचे, आकडे आणि नावे तिसऱ्यांदा. वाचता न आलेला शब्द अंदाजाने भरायचा नाही, चौकटी कंसात ‘अवाच्य’ लिहायचे. लहान वर्गात माणशी दहा पाने पुष्कळ झाली. पहिल्या पानाला दोन-तीन तास जातात, दहाव्याला पाऊण तास. हा वेळ क्रेडिटच्या तासांत धरा, ‘घरचा अभ्यास’ म्हणून सोडून देऊ नका.

मोठ्या मालिकांसाठी काम वाटून करण्याचा चांगला नमुना म्हणजे २०१० मध्ये सुरू झालेला ‘ओल्ड वेदर’ प्रकल्प. पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या ब्रिटिश नौदलाच्या लॉगबुकांतली हवामानाची निरीक्षणे त्यात स्वयंसेवकांनी उतरवली. खलाशांनी जहाज चालवण्यासाठी लिहिलेले आकडे हवामानशास्त्रज्ञांच्या कामी आले.

कागदावरची माहिती स्प्रेडशीटमध्ये उतरवताना काय बिघडते?

बहुधा तारखा. एक्सेलला १ जानेवारी १९०० च्या आधीची तारीख तारीख म्हणून कळतच नाही. तो ती मजकूर म्हणून ठेवतो आणि क्रम लावला की सगळे उलटेपालटे होते. उलट ‘३-४’ असा घरक्रमांक लिहिला तर त्याची गुपचूप तारीख करतो. म्हणून सगळे रकाने आधी ‘मजकूर’ करा आणि वर्ष, महिना, दिवस तीन वेगळ्या रकान्यांत लिहा.

मग पंचांगाचा घोळ. इंग्लंडमध्ये १७५२ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. तिथल्या कागदावरचा ‘फेब्रुवारी १६६५’ आपल्या हिशेबाने बहुधा १६६६ चा असतो. हे न कळता आलेख काढला तर साथ सुरू व्हायच्या आधीच संपते.

नियम एकच, पण तो मोडू देऊ नका: मूळ नोंद जशीच्या तशी एका रकान्यात, आपण लावलेला अर्थ शेजारच्या रकान्यात. ‘दात’ खोडून ‘बालमृत्यू’ लिहिले की पुढच्या माणसाचा पुरावा गेला. ‘कोणी उतरवले’ आणि ‘शंका’ हे आणखी दोन रकाने जोडा. रिकामी जागा म्हणजे कागदावर कोरे होते, वाचता आले नाही, की पान फाटले होते, यांना तीन वेगळी चिन्हे ठेवा. शून्य यांपैकी काहीच नाही.

कागद संस्थेच्या मालकीचा आहे, मग तो कोर्सच्या वेबसाइटवर टाकता येईल ना?

कागदाची मालकी आणि मजकुराचा हक्क (कॉपीराइट) वेगळे. पत्र ज्याला आले त्याच्याकडून ते अभिलेखागारात येते, पण त्यातल्या मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा आणि त्याच्यामागे वारसांचा. १८८६ मध्ये झालेल्या बर्न कराराच्या आजच्या नियमांप्रमाणे किमान मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर ५० वर्षे. भारतात ती ६० आहे, युरोपीय संघात ७०. अप्रकाशित कागदांचे नियम आणखी वेगळे असू शकतात. ब्रिटनमध्ये जुन्या काळातली कितीतरी अप्रकाशित पत्रे २०३९ अखेरपर्यंत हक्काखाली आहेत. वर्गात दाखवणे, पासवर्डमागे ठेवणे आणि सर्वांसाठी खुले करणे या तीन पायऱ्या आहेत. परवानगी मागताना कोणती हवी ते लिहा.

खासगीपणाचा प्रश्न हक्क संपल्यावरही उरतो. अमेरिकेत जनगणनेचे नावनिशीवार कागद ७२ वर्षांनी खुले होतात, इंग्लंडमध्ये १०० वर्षांनी. या मुदती आपल्या कोर्ससाठी ताळा म्हणून वापरा. रुग्णालय, तुरुंग, शाळा, अनाथालय यांच्या नोंदी कायद्याने खुल्या असल्या तरी विद्यार्थ्यांच्या कामात नावांऐवजी क्रमांक वापरायला लावा.

दोन विभागांचे शिक्षक गुण देतात आणि त्यांचे जमत नाही. काय करावे?

गुण देण्याआधी जमवा. तीन नमुना उत्तरे घ्या, एक चांगले, एक मधले, एक भरकटलेले. दोघांनी वेगवेगळे गुण द्या. शंभरात दहापेक्षा जास्त फरक पडला तर आकड्याची घासाघीस करू नका, निकषाचे शब्द बदला. ‘सखोल विश्लेषण’ याचा अर्थ एकाला तळटिपा वाटतो आणि दुसऱ्याला समीकरण.

चालू शकेल अशी विभागणी: कागदाचे बारीक वाचन ३०, दुसऱ्या विषयाच्या पद्धतीचा बरोबर वापर २५, दोन्हींमुळे निघालेला असा निष्कर्ष जो एकातून निघाला नसता २५, नोंदी आणि संदर्भ २०. तिसरा निकष बहुतेक ठिकाणी नसतो, आणि मग विद्यार्थी दोन निबंध जोडून देतात. संदर्भांना २० जास्त वाटतील, पण ज्या कागदापर्यंत परत पोचता येत नाही त्यावर बांधलेले काही तपासताच येत नाही.

ग्रंथपालांकडे नेमके काय मागावे?

‘मुलांना जरा लायब्ररी दाखवा’ हे मागू नये. एका तासाच्या फेरफटक्यातून दरवाजे कुठे आहेत एवढेच कळते. पहिल्याच पत्रात लिहा: विद्यार्थी किती, कोणत्या वर्षाचे, कोणत्या भाषा आणि लिप्या येतात, तासाअंती त्यांना काय करता आले पाहिजे, दोन पर्यायी तारखा. ग्रंथपाल किंवा अभिलेखपाल तीनहून जास्त तास शिकवणार असतील तर सिलॅबसवर सहशिक्षक म्हणून त्यांचे नाव घाला. संग्रहात कुठला कागद कशाच्या शेजारी पडला आहे हे त्यांना ठाऊक असते, आणि ते कुठल्याही सूचीत नसते.

जवळपास अभिलेखागारच नाही. कोर्स सोडून द्यायचा का?

सोडू नका. प्रत्येक जुन्या ग्रंथालयाकडे एक दुर्लक्षित अभिलेख असतो: त्याची स्वतःची दाखल नोंदवही. कोणते पुस्तक कधी आले, विकत की भेट, कितीला, कोणाकडून, आणि लाल शाईत ‘रद्द’ कधी झाले. अर्थशास्त्राचा विद्यार्थी त्यातून किमती काढेल, साहित्याचा वाचकांची रुची, इतिहासाचा देणगीदारांचे जाळे, संगणकाचा या सगळ्याचा डेटाबेस. नंतर फळीवर जाऊन ती पुस्तके उघडा. शिक्के, तारखांच्या चिठ्ठ्या, समासातल्या पेन्सिलीच्या खुणा. नोंदवहीत आहे पण फळीवर नाही, अशा पुस्तकांची यादी हाच एक चांगला प्रकल्प आहे. वाचकांची नावे असलेली देवघेव रजिस्टरे मात्र खासगी समजून हाताळा.

याशिवाय संस्थेच्या जुन्या प्रश्नपत्रिका, माहितीपत्रके आणि वेळापत्रके असतातच. कोणता विषय कधी शिकवायचा बंद झाला हे तिथे दिसते.

कोर्स संपल्यावर काय जपून ठेवायचे?

लिप्यंतरे साध्या टेक्स्ट फाइलमध्ये, तक्ते सीएसव्हीमध्ये (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी फाइल), दोन्ही यूटीएफ-८ या अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत, नाहीतर देवनागरीचे चौकोन होतात. सोबत एका पानाची माहितीफाइल: कोणती पेटी, कोणती पाने राहिली, चिन्हांचा अर्थ काय, कोणी तपासले, कोणाची परवानगी कुठपर्यंत आहे. वेबपत्त्यांऐवजी डीओआय, हँडल किंवा एआरके असा कायम ओळखक्रमांक मिळाला तर तोच नोंदवा, कारण संस्थेने वेबसाइट बदलली की साधे दुवे तुटतात. विद्यार्थ्यांचे काम पुढच्या तुकडीला द्यायचे असेल तर त्यांची लेखी संमती परीक्षेच्या निकालानंतर घ्या. निकालाआधी घेतलेल्या संमतीत ‘नाही’ म्हणायला जागा नसते.

आणि सगळ्याची एक प्रत अभिलेखागाराला द्या. शोधसूचीत जिथे ‘पत्रव्यवहार, १८९०–९५’ एवढीच ओळ होती, तिथे आता तीनशे पत्रांची यादी लावता येते.